'नाही' कोण म्हणतंय?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसरला कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. या नादाला लागलेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो, "अजून किती वाढेल?" मला मात्र दुसराच प्रश्न जास्त कामाचा वाटतो. मशीन 'नाही' म्हणतं तेव्हा नक्की कोण नाही म्हणतंय?

गोष्ट २०१५ च्या मे महिन्यातली. सांगलीहून भाच्याचा फोन आला. तो लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे सेकंडहँड घेतलेला आय७-२६००के होता. इंटेलने जानेवारी २०११ मध्ये आणलेला हा प्रोसेसर मुळात ३.४ गिगाहर्ट्झचा, टर्बोत ३.८. मल्टिप्लायर मोकळा, म्हणून पठ्ठ्याने तो ४५ वर नेऊन ४.५ गिगाहर्ट्झ केला होता.

"मामा, प्रोसेसर गेला म्हणे. रेंडर लावलं की ढेपाळतो. दुकानदार म्हणतो, नवीन मशीन घ्या."

लग्नसराईचे पैसे यायचे होते आणि हा कर्ज काढायच्या बेतात! म्हटलं, थांब जरा.

"वेग कधी पडतो?"
"रेंडर लावल्यावर थोड्या वेळाने."
"आणि तापमान?"
"सत्तरच्या आसपास."

इथेच अर्धं उत्तर मिळालं. सत्तरला प्रोसेसर स्वतःला आवरत नाही. म्हणजे अडवणारी होती वीज. बायॉसमध्ये विजेच्या दोन मर्यादा असतात. एक थोड्या सेकंदांपुरती, जरा सैल. दुसरी दीर्घकाळासाठी, या प्रोसेसरला ९५ वॉटची. हलक्या कामात ९५ वॉट लागतच नाहीत, म्हणून आकडा ४.५ दिसायचा. रेंडरमध्ये ती हद्द ओलांडली जायची आणि वेग आपोआप उतरायचा. यात बिघाड काहीच नव्हता, ती शिस्त होती.

ती मर्यादा १४० वॉट केली. वेग टिकला, पण आता निळा पडदा! बायॉसमध्ये व्होल्टेज १.३४ दिलेलं, पण भर कामात ते १.२७ पर्यंत खाली यायचं. पिठाची गिरणी सुरू झाली की आजूबाजूच्या घरांतले दिवे मंदावतात ना, तसंच. करंट वाढला की व्होल्टेज थोडं खाली बसतं. त्यासाठी लोड-लाइन कॅलिब्रेशन एक पायरी चढवलं. एकदम टोकाला नेलं नाही, कारण मग काम संपून लोड उतरताना व्होल्टेज क्षणभर वर उसळतं.

निळा पडदा गेला. तापमान मात्र नव्वदीपार! आता खरोखरच उष्णता नाही म्हणत होती. त्यात सांगलीचा मे महिना.

मग त्याला गणित सांगितलं. प्रोसेसरला लागणारी वीज ढोबळमानाने वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. ४.३ गिगाहर्ट्झला १.२६ व्होल्ट पुरत होते, ४.५ ला १.३४ लागत होते. म्हणजे वेग पाच टक्क्यांहूनही कमी वाढणार आणि वीज जवळजवळ १८ टक्के जास्त खाणार. तासाच्या रेंडरमध्ये फार तर तीन मिनिटं वाचणार. "राहू दे ४.३ वर," तो स्वतःच म्हणाला. त्या मोसमाची सगळी कामं त्याच मशीनवर झाली. कर्ज काढावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, मर्यादा उठवली आणि काम झालं, मग ती पाळायचीच कशाला? त्याचं उत्तर २०२४ मध्ये सगळ्यांनी पाहिलं. इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होऊ लागले. मूळ कारण होतं वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज. त्यामागे इंटेलने जे चार प्रकार सांगितले, त्यातला एक म्हणजे मदरबोर्डवरच्या विजेच्या सेटिंग्ज त्यांच्या शिफारशीबाहेर असणं. बाकीच्यांत इंटेलचा स्वतःचा मायक्रोकोडही होता. तो सुधारून मिळाला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढली, पण ज्या चिपची झीज झाली ती काही भरून आली नाही.

असो. प्रत्येक हद्दीची बोलायची रीत वेगळी असते. गुपचूप वेग उतरला आणि मशीन थंड असेल, तर वीज बोलतेय. वेग उतरला आणि मशीन तापलेलं असेल, तर उष्णता. निळा पडदा आला, तर बहुतेक वेळा व्होल्टेज कमी पडतंय. कोण बोलतंय ते आधी ऐकावं, मग आकड्यांना हात लावावा. आणि एका वेळी एकच आकडा बदलावा, बरं का!