नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा

हैदराबादच्या नारायणगुड्यात, न्यायमूर्ती केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या केशव मेमोरियल शाळेपासून जवळच माझं ऑफिस आहे. फसवणुकीने देशाबाहेर गेलेल्या पैशाचे दिवाणी दावे हे माझं काम. लंडनच्या सॉलिसिटरला इथले कागद नि शपथपत्रं पुरवायची, तिथला हुकूमनामा आला की इथे त्याची अंमलबजावणी करून घ्यायची. या कामाचं मर्म आमच्याच शहराच्या एका खटल्यात आहे, म्हणून तो प्रत्येक नव्या ज्युनियरला मी आधी वाचायला लावतो.

हैदराबाद संस्थानावरची भारताची पोलीस अ‍ॅक्शन १७ सप्टेंबर १९४८ला संपली. २० तारखेला निजामाच्या वेस्टमिन्स्टर बँकेतल्या खात्यातून १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावावर गेले. पैसे वळवले मोईन नवाज जंग यांनी. निजामाच्या ज्या सरकारचे ते मंत्री, ते तोवर पडलं होतं. २७ सप्टेंबरला निजामाने बँकेला कळवलं, माझ्या परवानगीवाचून गेले, परत करा. नव्या खातेदाराच्या संमतीशिवाय बँक काही करेना. निजामाचा दावा हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १९५७ साली तिथे अडकला, कारण परक्या सार्वभौम राष्ट्राला त्या कोर्टात खेचता येत नव्हतं.

पुढचं वळण वकिलांनी बारकाईने वाचण्याजोगं आहे. २०१३ साली पाकिस्ताननेच बँकेवर दावा लावला. दावा लावला म्हणजे आपलं संरक्षण आपणच सोडलं! हे ध्यानात आल्यावर त्यांनी तो मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण २०१५ साली कोर्टाने ते होऊ दिलं नाही. २ ऑक्टोबर २०१९ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला. ही रक्कम हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांची किंमत होती, हा पाकिस्तानचा मुद्दा टिकला नाही. रहिमतुला नावाचे धनी होते, विश्वस्त होते, पैसा निजामाचाच. सुमारे साडेतीन कोटी पौंडांवर गेलेली ती रक्कम, आपसांत आधीच समेट केलेल्या भारत सरकारला आणि निजामाच्या नातवांना मिळाली. मोईन, रहिमतुला, निजाम यांच्यापैकी साक्षीला कुणीच उरलं नव्हतं. निकाल उभा राहिला तो जुन्या कागदांवर.

माझ्याकडे येणारा व्यापारी आधी विचारतो, "वकीलसाहेब, फसवलं कुणी?" मी विचारतो, पैसा आत्ता कुठल्या खात्यात आहे? फसवणूक अशी होते: नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो, आमचं खातं बदललं, यापुढे इथे भरा. पत्त्यात 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी बसवलेले असतात. घाईत कुणाला दिसणार? अशा वेळी बँकेला रक्कम परत बोलवायचा निरोप आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार त्याच दिवशी गेली पाहिजे. लंडनचं कोर्ट अज्ञात इसमांच्या विरुद्धही खातं गोठवतं आणि पैसा पुढे कुठे गेला हे बँकेकडून वदवून घेतं. गोठवण्याच्या या हुकमाला 'मारेव्हा' हे नाव १९७५च्या ज्या खटल्यावरून पडलं, त्यात लॉर्ड डेनिंग होते. निजामाचा दावा ऐकणाऱ्या लॉर्डांतही ते होते.

आपल्याकडे निकालाआधी जप्तीसाठी दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश ३८, नियम ५ आहे, पण तो अपवादानेच वापरावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावलं. साध्या उधारीसाठी ते योग्यच. फसवणुकीचे कागद समोर असताना मात्र कोर्टांनी हात सैल करावा, असं माझं ठाम मत आहे.

लंडनचा हुकूमनामा त्याच संहितेच्या कलम ४४-अ खाली हैदराबादच्या कोर्टात थेट अंमलात आणता येतो. २०२०पासून अमिरातीचाही येतो. अमेरिकेच्या निकालावर मात्र इथे नवा दावा लावावा लागतो. आणि कुठलाही असला, तरी प्रतिवादी कलम १३ पुढे करतोच: मला नोटीसच मिळाली नाही, माझं म्हणणं ऐकलंच नाही. परदेशी समन्स परस्पर टपालाने पाठवायला भारताची हरकत आहे. ते दिल्लीच्या विधी मंत्रालयामार्फत यावं लागतं, त्यात महिने जातात. लंडनचे सॉलिसिटर घाई करतात, तेव्हा हे महिने मोजूनच तारीख मागा, असं मी त्यांना पहिल्याच फोनवर सांगतो.