कानसेन

चित्रकार चित्र काढून बाजूला होतो. चित्र मात्र मागे राहते. शिल्पकाराने घडविलेली मूर्ती त्याच्यामागे शेकडो वर्षे उभी असते. गाण्याचे तसे नाही. गवयाच्या कंठातून स्वर निघाला, की निघताक्षणीच तो विरू लागतो. समोर बसलेल्या माणसाने तो कानांत साठविला, तरच तो राहिला असे म्हणावयाचे. म्हणूनच तानसेनाच्या जोडीला आपल्याकडे 'कानसेन' हा मोठा गमतीचा शब्द रूढ झाला आहे. प्रत्येकाला तानसेन होता येणार नाही. पण कानसेन होण्यास कोणाची आडकाठी आहे? मात्र ते होणेही शिकावे लागते, आणि लहानपणी शिकलेले अधिक बरे.

आमची खराडी पुण्याच्या पूर्वेस, मुळा-मुठेच्या काठी आहे. एके काळी हे शेतीवाडीचे गाव होते; आता येथे संगणकाच्या कंपन्यांच्या उंच इमारती उभ्या आहेत. आमच्या सोसायटीच्या सभागृहात गेल्या हिवाळ्यात एका सायंकाळी एका गायिकेचे गाणे ठरले. त्यांनी एकच अट घातली : मुलांना घरी ठेवू नका, आणि त्यांना सर्वांच्या पुढे बसवा. एका वृद्ध गृहस्थांना हे पसंत पडले नाही. "मुले चुळबुळ करतील आणि रसभंग होईल," असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. दोन तास नुसते गप्प बसा म्हटले, तर कोणते मूल चुळबुळ करणार नाही?

पण बाईंनी मुलांना गप्प बसा असे सांगितलेच नाही. त्यांनी मुलांना काम दिले.

प्रथम त्यांनी तानपुरा मुलांच्या मधोमध ठेवला. "हा भोपळा खरा आहे का?" एका मुलीने विचारले. खराच! पंढरपूरच्या परिसरात पिकलेले असे भोपळे वाळवून मिरजेस नेतात आणि तेथील कारागीर त्यांचे तानपुरे घडवितात. या कारागिरांचे पूर्वज शिकलगार होते, म्हणजे ते हत्यारांना धार लावीत. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मग बाईंनी घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून दाखविला. आतापर्यंत कोरडी वाटणारी तार एकदम गुंजारव करू लागली. मुलांनी डोळे विस्फारले.

नंतर तबलजींनी तीनताल समजावून दिला. मात्रा १६, त्यांचे चार-चारांचे चार भाग. पहिल्या, पाचव्या व तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर हात बाजूला न्यावयाचा, ती खाली. पहिली मात्रा म्हणजे सम. गाणारा कितीही दूर भटकला, तरी त्याने वेळेवर समेच्या घरी परतले पाहिजे.

शेवटी बाई म्हणाल्या, "मी भूप राग गाणार आहे. यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. म किंवा नी ऐकू आला, तर हात वर करा." त्यांनी दोन्ही स्वर मुलांना ओळखण्यापुरते ऐकविले आणि आलाप सुरू केला. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी, अशी शांतता पसरली. मुले गप्प बसली नव्हती. ती पहारा करीत होती! मध्येच बाईंनी मुद्दाम एक 'म' घेतला. तीन-चार हात वर गेले आणि दुसऱ्या रांगेतला एक मुलगा मोठ्याने ओरडला, "चुकलात!" त्याच्या आईने लाजून त्याला खाली ओढले. बाई मात्र हसून म्हणाल्या, "शाबास! असा ऐकणारा समोर असला, म्हणजे मला नीट गावेच लागते." पुढे लांब तान घेऊन त्या समेवर आल्या, तेव्हा साऱ्या मुलांची टाळी एकदमच पडली. त्या वृद्ध गृहस्थांचा हातही मांडीवर ताल धरीत होता.

आज मोबाइलवर हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकता येते; मग समोर जाऊन बसण्याचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याला भीमसेन जोशी यांचे बालपण हेच उत्तर आहे. १९२२ साली जन्मलेल्या या मुलाने अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली आणि त्याला गाण्याचा ध्यास लागला. अकराव्या वर्षी तो घर सोडून गुरूच्या शोधात निघाला आणि थेट जालंदरपर्यंत भटकला. अखेर त्याला धारवाडजवळच्या कुंदगोळ येथे सवाई गंधर्व हे गुरू लाभले. ध्वनिमुद्रिकेने तहान लावली. पण ती भागविण्यासाठी जिवंत माणसासमोरच बसावे लागले. याच शिष्याने पुढे १९५३ साली गुरूच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव सुरू केला. तो आजही भरतो. पूर्वी त्यातील मैफली रात्र-रात्र चालत, आणि कितीतरी पुणेकरांच्या कानांवर तेथेच संस्कार झाले. १९७७ पासून 'स्पिक मॅके' ही संस्था तर कलावंतांनाच शाळा-महाविद्यालयांत नेत आली आहे.

मोबाइलमधला गवई तुम्ही उठून गेलात तरी गातच राहतो. समोर बसलेल्या गवयाला मात्र तुमची टाळी ऐकू येते, तुमची हललेली मान दिसते आणि त्याचे गाणे त्यामुळे फुलते. म्हणून मुलांनो, तुमच्या गावात, शाळेत किंवा देवळात गाणे असेल, तेव्हा अवश्य जा. शक्य तर पुढे बसा. रागाचे नाव ओळखता आले नाही, तरी बिघडत नाही. एक ते सोळा मोजा आणि समेची वाट पाहा.