सुईखालची भैरवी

केसरबाई केरकर यांनी गायलेली 'जात कहाँ हो' ही भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची. सुई टेकते, आधी बारीक खरखर येते आणि मग तो भरदार, निश्चल सूर. अल्लादियाखाँसाहेबांच्या तालमीत तयार झालेल्या, एकेक राग सावकाश उलगडणाऱ्या बाईंना तबकडीच्या एका बाजूत मावेल एवढंच गायचं होतं. त्या कोंडीत त्या मला अधिकच थोर वाटतात. एकही जागा भरतीची नाही.

डिजिटल आवाज अधिक स्वच्छ असतो, यावर मी वाद घालत नाही. पण तबकडीत आवाजाला आकार असतो, बोटाला जाणवणारा. व्हिनाइल कशी घडते हे कळल्यापासून तर मी खरखरही आवडीने ऐकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या गुळगुळीत चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा लेप असतो. माणकाची किंवा नीलमण्याची तापवलेली सुई त्यात बाहेरून आत एकच सलग खाच कोरत जाते. स्टिरिओ असेल तर डावा आवाज खाचेच्या एका भिंतीवर, उजवा दुसरीवर. मग चकतीवर चांदीचा फवारा मारतात आणि विजेच्या साहाय्याने निकेलचा थर चढवतात. तो अलगद सोलला, की खाचांच्या जागी उंचवटे आलेले असतात. हा 'फादर'. त्याच्यावरून 'मदर', मदरवरून 'स्टॅम्पर'. पीव्हीसीचा गरम गोळा दोन स्टॅम्परांमध्ये ठेवून प्रचंड दाब दिला, की अर्ध्याएक मिनिटात तबकडी तयार. लेबलाला गोंद लागत नाही. तेही त्याच दाबात बसतं.

एवढ्या नाजूक कामाचा डोलारा फार थोड्या हातांवर उभा आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात बॅनिंग इथला 'अपोलो मास्टर्स'चा कारखाना जळाला, आणि असे लेपाचे पत्रे करणारी जपानची एकच कंपनी जगात उरली. तरीही २०२२ मध्ये अमेरिकेत सीडींपेक्षा व्हिनाइल तबकड्या जास्त खपल्या. १९८७ नंतर पहिल्यांदाच. माणसांना गाणं हातात धरायचं आहे, बाजू उलटायला उठायचं आहे. मला यात गतकाळाचा उमाळा दिसत नाही. ऐकण्याला वेळ देण्याची ही तयारी आहे.

बाईंची भैरवी मात्र आणखी एका तबकडीवर आहे. १९७७ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटाने नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांसाठी पृथ्वीचं संगीत निवडलं. संगीत-अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ही भैरवी सुचवली आणि तिची प्रत न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय दुकानात सापडली. तांब्याच्या चकतीवर सोन्याचा मुलामा, वेग मिनिटाला १६⅔ फेरे, सोबत सुई आणि ती कशी लावायची याच्या खुणा. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला उड्डाण केलं. बाई १६ सप्टेंबरला गेल्या. गोव्यातल्या केरी गावची ही मुलगी तेव्हा सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर होती.

तबकडीच्या शेवटी, लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात, खाच कोरणारे कारागीर हाताने काहीबाही खरडतात. सेगन यांच्या गटातल्या टिमोथी फेरिस यांनी व्हॉयेजरच्या तबकडीवरही सर्व जगांतल्या, सर्व काळांतल्या संगीतकारांना उद्देशून एक ओळ कोरली. आराखड्यात नसलेली ती अक्षरं पाहून नासाच्या तपासनिसाने तबकडी नापास केली. सेगन यांनी वर रदबदली केली, तेव्हा ती ओळीसकट यानावर चढली.