फैजपूरची खादी आणि पडद्यावरचा पंचा

डिसेंबर १९३६. तेव्हाच्या पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात, फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. सजावट नंदलाल बोस यांची, बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या साहित्याची. जोडीला खादी-ग्रामोद्योगांचे प्रदर्शन, तेही कापसाच्या मुलखात.

हे दृश्य चित्रपटात आणायचे झाले, तर सगळ्यांच्या अंगावर पांढरी खादी चढवून भागेल काय? मुळीच नाही. पुढाऱ्याची खादी धुवट, शेतकऱ्याची मातकट, आणि रानातून आलेल्या बाईचे लुगडे तर रंगीतच. सर्वांना एकसारखी इस्त्री केली की जमावाचे स्नेहसंमेलन होते.

‘गांधी’ (१९८२) या चित्रपटात हाच पेच भानू अथय्या यांच्यापुढे होता. त्या कोल्हापूरच्या. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये चित्रकार. त्या स्वतः मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या. गांधीजींचा पेहराव हीच एक दिनदर्शिका आहे. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत उतरलेला बॅरिस्टर सुटाबुटात होता. १९१५ मध्ये परतला तो काठेवाडी पागोटे बांधून. सप्टेंबर १९२१ मध्ये मदुराईत त्याने गुडघ्यापर्यंतचा पंचा स्वीकारला. एक वस्त्र चुकले की प्रसंग दहा वर्षांनी सरकतो. शिवाय कोरे कापड पडद्यावर खोटे दिसते. ते धुऊन, घासून, विटवून वापरातले करावे लागते. इतिहासाच्या वर्गात ताम्रपटाला मिळणारा मान विटलेल्या पंचाला मिळत नाही, हे मात्र खटकते.

११ एप्रिल १९८३ रोजी जॉन मोलो यांच्यासह अथय्यांना ऑस्कर मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

२०१२ मध्ये त्यांनी ते पदकचिन्ह जतनासाठी अकादमीकडे परत सोपवले. आपल्या पश्चात ते भारतात सुरक्षित राहील, अशी खात्री त्यांना वाटत नव्हती. शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचे नोबेल पदक २००४ मध्ये चोरीला गेले होते, याचा त्यांनी दाखलाही दिला. या निर्णयाने अनेकांचा अभिमान दुखावला असेल. भीती मात्र अनाठायी नव्हती.

फैजपूरच्या त्या मांडवांतले बांबू तर कधीच उतरले. त्या दिवसांत तिथे घातलेली टोपी, नेसलेले धोतर खानदेशातल्या एखाद्या घरच्या ट्रंकेत अजून असेलही. एरवी जुन्या धोतराचे आपल्याकडे आधी फडके होते, मग पोतेरे.