पाण्यावाचून सोने उफणताना

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी (कृषी) आहे. पंचवीस-सव्वीस वर्षे बियाणे, खते, फवारणी पंप, मळणी यंत्र यांबद्दल सल्ला देत आलो. सोने उफणायचे यंत्र कोणते घ्यावे असे मला कधी कोणी विचारील, हे मात्र स्वप्नातही नव्हते. विचारणारा परका नव्हता, माझा सख्खा भाचा.

हा मुलगा पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीजवळच्या एका खाणीत यंत्रदुरुस्तीच्या कामावर आहे. तिकडे 'मायनर्स राइट' नावाचा परवाना मिळतो. तो घेतला की जिथे दुसऱ्या कोणाचा खाणपट्टा नाही अशा सरकारी मोकळ्या जमिनीवर हाताने सोने शोधायला मुभा असते. सुट्टीच्या दिवशी त्याचे सोबती बादल्या-फावडी घेऊन रानात जातात. त्यालाही तो नाद लागला आणि 'ड्रायवॉशर' विकत घ्यायचे त्याने ठरवले. किंमत एवढी, की घरी येणारी दोन महिन्यांची रक्कम त्यात जाणार. त्याच रकमेवर इकडे दाजींच्या बोअरच्या कर्जाचा हप्ता फिटतो. बहिणीचा फोन आला, "दादा, तूच सांग त्याला. ह्यांचं ऐकेना तो." दाजींनी दोन दिवस मुलाशी बोलणेच टाकले होते.

मी फोन लावला तर तो म्हणाला, "मामा, तुम्ही गावोगाव उफणणी पंख्याची प्रात्यक्षिकं केलीत. हे तेच आहे. नको म्हणायचं असेल तर आधी बघून मग म्हणा." बोलणे रास्त होते. मी माहिती काढायला बसलो.

त्या मुलखात वर्षाला सरासरी २६० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १८९२ साली कूलगार्डीला आणि १८९३ साली कालगुर्लीला सोने सापडले आणि हजारो माणसे धावली. पण माती धुवायला वाहते पाणी कुठेच नाही. पिण्याचे पाणीसुद्धा विकत. खाऱ्या पाण्याची वाफ करून ते गोडे करीत आणि विकीत. पर्थजवळच्या धरणातून साडेपाचशे किलोमीटरच्या नळाने पाणी पोहोचले, ते १९०३ साली. तोवर त्या लोकांनी काय करावे? दोन पसरट थाळ्या घेतल्या. एक डोक्याच्या वर धरायची, वाळलेली माती बारीक धारेने खालच्या थाळीत सोडायची. धूळ वारा नेई, जड ते खाली पडे. थाळ्या बदलून पुन्हा तेच. शेवटी मूठभर उरे, त्यावर तोंडाने फुंकर. आपण तिवईवर उभे राहून पाटीतली ज्वारी वाऱ्यावर सोडतो, त्यात आणि ह्यात मला तरी फरक दिसला नाही.

फरक एवढाच, की खळ्यावर रास धान्याची असते आणि मातेरे थोडे. तिथे सगळे मातेरेच, आणि त्यात हवा असलेला दाणा एखादाच. पण तो दाणा फार जड. वाळू पाण्याच्या अडीच-पावणेतीनपट जड, लोखंडी काळी रेती पाचपट, सोने एकोणीसपट.

यंत्राची रचना साधी आहे. वर जाळी, तिच्यावरून मोठे खडे घरंगळून जातात. बारीक माती उतरत्या पेटीत येते. पेटीचा तळ कापडाचा आणि त्यावर आडव्या पट्ट्या. कापडाखालून वारा येतो, माती किंचित उचलली जाते, हलकी वाळू पट्ट्या ओलांडून पुढे जाते, जड कण पट्टीमागे अडकतो. प्रकार दोन. एकात लोहाराच्या भात्यासारखा भाता थांबून थांबून फुंकतो. दुसऱ्यात इंजिनचा पंखा सारखा वारा मारतो. दुसरे काम जास्त करते, आणि भाच्याचे मन त्यावरच बसले होते.

मी म्हटले, "बियाण्याची उगवण आपण पिशवीवरच्या चित्रावरून ठरवतो का? दाणे मोजून घालतो आणि मोजूनच काढतो." गळाला लावायच्या शिशाच्या बारीक गोळ्या वीस घे, दहा हातोडीने चपट्या कर, रिकाम्या मातीत मिसळ आणि सोबत्यांच्या दोन्ही यंत्रांतून काढून बघ. शिसे पाण्याच्या अकरापट जड. ते टिकले तर तेवढ्याच आकाराचे सोने टिकेलच. चपट्या अशासाठी, की सोन्याची पापडी वाऱ्यावर सहज तरंगते, पोचट दाण्यासारखी.

इंजिनच्या यंत्रात पूर्ण वाऱ्यावर वीसपैकी तेरा परत आल्या. वारा कमी केल्यावर सतरा. भात्याच्या यंत्रात एकोणीस. हरवल्या त्या सगळ्या चपट्या. पाऊस पडून गेलेल्या जागेची दमट माती घातली, तर दोन्ही यंत्रे नापास. ढेकळे तशीच वाहून गेली आणि गोळ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. माती ताडपत्रीवर कडक उन्हात वाळवून, ढेकळे फोडून मगच घालायची, हे तिथे त्याला कळले.

धुळीबद्दल मी त्याला जरा कडक बोललो. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि पुन्हा निघत नाही. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मास्क लावायचा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहायचे.

सगळ्यात नेमका प्रश्न मात्र दाजींनी काढला. बहिणीने फोन त्यांच्या हातात दिला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "यंत्राचं राहू दे. त्या रानात हाय का काही?" मी चरकलोच. माझे सारे लक्ष यंत्रावर होते. मग भाच्याने चार रविवार नुसत्या दोन थाळ्या घेऊन जुन्या लोकांसारखी माती उफणली. तीन जागी काही नाही. चौथ्या जागी, एका कोरड्या ओघळीच्या वळणावर, डोळ्याला दिसतील असे कण मिळाले.

हे वाचून कोणी आपल्या ओढ्यात खोरे घालू नये, म्हणून सांगतो. आपल्या बहुतेक जिल्ह्यांतला काळा कातळ लाव्हारसाचा आहे, त्यात अशा सोन्याची आशा नाही. शिवाय आपल्याकडे सोने काढायला १९५७ च्या खनिज कायद्याखाली सरकारची परवानगी लागते. बाजारात कोणी असले यंत्र दाखवून आगाऊ रक्कम मागू लागला, तर खिशात हात घालू नका.

भाच्याने अखेर एका सोबत्याबरोबर निम्म्या भागीत भात्याचे जुने यंत्र घेतले. बोअरचा हप्ता वेळेवर भरला गेला. तीन महिन्यांत त्याच्या वाट्याला सोने आले सव्वा ग्रॅम. दाजींनी विचारले, "दिवसाची मजुरी सुटती का?"

"नाही सुटत, बाबा."

"मग सुट्टीतच कर," दाजी म्हणाले, आणि पाऊसपाण्याचे विचारू लागले.