मे महिन्यातला साग

वऱ्हाडात कुणाचं ‘टिनाचं घर’ म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात हळहळतो. अजून स्लॅब पडला नाही, एवढाच त्याचा अर्थ. दर्यापूर-बनोशात टीन दिसतं ते जिनिंगच्या शेडवर, गोठ्यावर, नाहीतर ज्याचं पैशाचं जमलं नाही त्याच्या डोक्यावर. त्यामुळे मेळघाटच्या पायथ्याशी झाडांत घर हवं म्हणणाऱ्या कुटुंबाला इथल्या वास्तुरचनाकारानं भिंतींसकट पत्र्याचं घर सुचवलं, की समोरची माणसं एकमेकांकडे बघू लागतात.

त्यांचं चुकत नाही. इथे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा उन्हात काही मिनिटांत तापतो आणि खाली बसलेल्याच्या डोक्यावर ती सगळी धग ओततो. मातीच्या जाड भिंतीला जे दिवसभर जमतं, ते त्याला घटकाभरही जमत नाही.

‘पण जंगलात सावली असते ना?’ हा पुढचा प्रश्न. जंगलातल्या घराची आखणी बहुतेकदा इथेच फसते. मेळघाटचं रान मुख्यतः सागाचं. सिपना नदीचं नावच कोरकू भाषेतल्या सागावरून पडलेलं. आणि साग पानझडी. ऐन उन्हाळ्यात, सावलीसाठी जीव कासावीस होतो तेव्हाच, तो उघडा पडतो. जुलैमध्ये गर्द झाडीत लपलेलं घर मे महिन्यात उघड्या माळावर आल्यासारखं होतं. म्हणून या रानात घराला आपली सावली बरोबर आणावी लागते.

मग टीनच का? एक कारण वानरं. त्यांच्या टोळीनं छपरावर दोन उड्या मारल्या की कवेलू फुटतात, आणि दर पावसाळ्याआधी माणूस वर चढवून कवेलू फेरावे लागतात. दुसरं कारण आग. वाळलेल्या पाचोळ्याचा वणवा उन्हाळ्यात कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. पत्र्यावर पडलेली ठिणगी मात्र विझून जाते. तिसरं कारण वजन. पत्रा, लोखंडी सांगाडा आणि नटबोल्ट एवढंच सामान असलं तर रेती-गिट्टीच्या गाड्या झाडं तोडून आत न्याव्या लागत नाहीत.

हा पत्रा गरिबीचा, हेही पूर्ण खरं नाही. पत्र्याला नाल्या पाडल्या की तो वाकत नाही, या साध्या युक्तीचं पेटंट लंडनच्या गोदीतले अभियंते हेन्री पामर यांनी 1829 मध्ये घेतलं. ऑस्ट्रेलियन वास्तुरचनाकार ग्लेन मर्कट यांनी तोच पत्रा हाती धरून आयुष्यभर घरं केली आणि 2002 चा प्रित्झकर पुरस्कार मिळवला. सिडनीजवळ ग्लेनोरीच्या रानात दोन चित्रकारांसाठी त्यांनी केलेलं बॉल-ईस्टअवे घर नालीदार पत्र्याचंच आहे. ते लोखंडी खांबांवर खडकाच्या वर उचललेलं आहे. पावसाचं पाणी आणि पाचोळा खालून आपल्या वाटेनं जातो.

वऱ्हाडात मात्र ते जसंच्या तसं उचलून चालणार नाही. इथे टीन भिंत म्हणून वापरूच नये, छत्री म्हणून वापरावं. बाहेर पत्रा, मग चार बोटं मोकळी हवा, मग आतली खरी भिंत. त्या पोकळीला खाली जाळी आणि माथ्यावर फट ठेवली की तापलेली हवा आपोआप वर चढून निघून जाते. रंग पांढरा घ्यावा. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, पण अंगात शिरलेली उष्णता सहजी सोडत नाही. पांढरा दोन्ही करतो. छपराला पन्हळ लावूच नये. सागाचं एकच पान अख्ख्या नळीचं तोंड बंद करतं, आणि पन्हळीत साठलेला सुका पाला म्हणजे वणव्याला बोलावणं. पाणी सरळ खाली गिट्टीच्या चरात पडू द्यावं.

पायथ्याला काळी माती खोल असेल तर आणखी एक गोष्ट. हलकं घर या मातीत धसत नाही म्हणून निर्धास्त राहणं धोक्याचं आहे. पावसात ही माती फुगते आणि हलक्या घराला खालून उचलते; उन्हाळ्यात भेगाळते आणि सोडून देते. म्हणून खालच्या टोकाला फुगा असलेले पायाचे खांब, म्हणजे पाइल, साडेतीन मीटरपर्यंत न्यावेत. फुगा दांड्याच्या अडीच पट रुंद असतो, तोच घराला वर उचलू देत नाही.

एवढं सगळं पटल्यावर घरातली आजी विचारते, “मंग वायवन कुठी घालू, बापू?”

या प्रश्नाला नकाशात जागा हवीच. उतरत्या टिनावर कुरड्या वाळत नाहीत, रात्री बाज टाकून झोपता येत नाही, आणि वऱ्हाडातलं कुटुंब उन्हाळ्यात राहतं ते गच्चीवर नाहीतर अंगणात. घराइतकाच मोठा, कंबरभर उंच, उघडा ओटा काढला नाही तर ते घर कितीही देखणं झालं तरी दिवाळीपुरतंच वापरात येईल.

झाडांतला प्लॉट पाहायला लोक श्रावणात जातात. सगळं हिरवं असतं, व्यवहार तिथल्या तिथे ठरतो. तुम्ही मे महिन्यात जा, दुपारी दोन वाजता, आणि घर जिथे येणार आहे तिथे अर्धा तास उभे राहा. रचनाकारालाही सोबत न्या.