उशिरा संधी मिळालेला हेडली

माझा मुलगा सातवीत आहे. गेल्या महिन्यात शाळेच्या क्रिकेट संघाची यादी लागली, त्यात त्याचं नाव नव्हतं. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना मी त्याला हेडली व्हेरिटीची गोष्ट सांगायला घेतली. मनात तात्पर्य तयार होतं, शिक्षिकाच ना मी!

हेडली १९०५ साली इंग्लंडमधल्या लीड्सला जन्मला. डावखुरा फिरकी गोलंदाज. खेळायचं होतं यॉर्कशायर काउंटीकडून, पण तिथे ती जागा विल्फ्रेड ऱ्होड्स या दिग्गजाची. मग हेडली लँकेशायरमधल्या अॅक्रिंग्टन, मिडलटन या क्लबांकडून खेळत राहिला. १९३० मध्ये यॉर्कशायरने त्याला संधी दिली तेव्हा तो २५ वर्षांचा होता. दोनच वर्षांनी नॉटिंगहॅमशायरच्या एका डावात त्याने फक्त १० धावा देऊन दहाच्या दहा गडी बाद केले! १९३४ मध्ये लॉर्ड्सच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाचे १५ बळी घेतले.

मुलाचे डोळे चमकले. "मग पुढे?"

पुढचं सांगताना माझाच आवाज उतरला. १ सप्टेंबर १९३९, होव्हचं मैदान. हेडलीने ससेक्सचे ७ बळी घेतले, अवघ्या ९ धावांत. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला. तो त्याचा यॉर्कशायरसाठी शेवटचा सामना ठरला. तो ग्रीन हॉवर्ड्स रेजिमेंटमध्ये भरती होऊन कॅप्टन झाला. जुलै १९४३ मध्ये सिसिलीत आपल्या तुकडीसह चाल करताना जबर जखमी झाला, शत्रूच्या हाती सापडला. ३१ जुलैला इटलीतल्या कासेर्ता इथे तो गेला. वय ३८.

"आई, म्हणजे दहाच वर्षं खेळायला मिळालं? आधी घेतलं असतं तर?"

माझं तात्पर्य तिथेच गळून पडलं. 'थांब, तुझीही वेळ येईल' असं मी सांगणार होते. पण वेळ येईलच, आली तर टिकेलच, हे कोणती आई सांगू शकते? मग लक्षात आलं, हेडली नुसता थांबला नव्हता. यॉर्कशायरने बोलावलं नाही त्या वर्षांतही तो मिळेल त्या मैदानावर चेंडू टाकतच होता. ती वर्षंही त्याच्या खेळातलीच.

पालकहो, 'तुझी वेळ येईल' हे वाक्य मी आता सोडलंय. संध्याकाळी घरी आल्यावर एवढंच विचारते, "आज खेळलास का?"

काल तो म्हणाला, "हो, सहा ओव्हर टाकल्या."